३०० शब्दांत समुद्राचा दरवाजा

दिवाळी अंकासाठी संपादकांनी अद्भुत साहसकथा मागितली आणि शब्दमर्यादा दिली ३००. अलक, म्हणजे अतिलघुकथा, लिहिणाऱ्यांना ३०० शब्द म्हणजे ऐसपैस जागा. अद्भुताचं तसं नाही. साध्या गोष्टीत दादरचा पूल म्हटलं की वाचक पुलावर जाऊन उभा राहतो. अद्भुतात पूल कशाचा, खाली काय वाहतं, पलीकडे कोण राहतं, हे सगळं लिहिणाऱ्यानंच पुरवायचं. शिवाय साहस म्हटलं की निघणं आलं, वाट आली, संकट आलं आणि परतणंही आलं.

विषय माझ्याकडे बरीच वर्षं होता. मुंबईत महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये पूर्वी मोठं खिंडार होतं. भरतीचं पाणी तिथून आत शिरून मधला सखल भाग भरून टाकायचं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात ते बांध घालून बुजवलं. काम १७८४ च्या सुमारास पुरं झालं. आज त्यावरून लाला लजपतराय मार्ग जातो. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, मग रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि बांध टिकला, ही आख्यायिका मुंबईत अनेकांनी ऐकलेली असते. मला त्यात नेहमी दुसरीच बाजू दिसायची. समुद्राला कुणी विचारलं होतं का? माझा बेत मोठ्या कादंबरीचा होता: सात बेटं, सात दरवाजे, प्रत्येकाचा एक राखणदार. वहीत नकाशासुद्धा काढून ठेवला होता.

तो सगळा ऐवज ३०० शब्दांत बसणार नव्हता. वाट सापडली ती आजीच्या श्रावणातल्या कहाण्यांमध्ये. ‘आटपाट नगर होतं’ एवढ्यावर अख्खं राज्य उभं राहतं. खुलभर दुधाची कहाणी मी पुन्हा वाचली. राजाच्या हुकुमानं गावातलं सगळं दूध गाभाऱ्यात ओतलं तरी तो भरत नाही. म्हातारी खुलभर दूध घालते आणि गाभारा काठोकाठ भरतो. कसा भरला, कुठल्या मंत्रानं, याबद्दल चकार शब्द नाही. का भरला, तेवढं मात्र कहाणी नीट सांगते: म्हातारीनं आधी घरच्या लेकराबाळांना, गाईवासरांना पोटभर दिलं होतं. मला वाटतं, छोट्या अद्भुतकथेचं सगळं मर्म इथं आहे. चमत्काराची यंत्रणा सांगत बसलं की शब्द संपतात आणि चमत्कारही विझतो. कारण सांगितलं की वाचक बाकीचं आपणहून मान्य करतो.

म्हणून सातांपैकी सहा दरवाजे काढले. नकाशा गेला, राखणदार गेले. वाईट वाटलं, विशेषतः माझगावच्या राखणदाराचं. तो मला फार आवडायचा. बनवलेली नावंही सगळी गाळली. प्रत्येक नव्या नावाबरोबर ओळख करून देणारं एक वाक्य येतं आणि इथं वाक्यांचाच तुटवडा होता. उरली एक कोळ्याची पोर. तिचा बाप बांधावर कामाला होता आणि समुद्रानं त्याला नेलं होतं.

आता एक नियम हवा होता, आणि तो मला शोधून काढायचा नव्हता, वाचकाला आधीच ठाऊक असलेला हवा होता. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला मोकळी होते, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. मी त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन पाणी उतरताना बघत बसले. नंतर वरळी कोळीवाड्यात एका काकांशी बोलणं झालं. त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि कथेला कणा मिळाला: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जेवढं वर चढतं, तेवढंच नंतर खाली उतरतं. म्हणजे समुद्र सर्वांत जास्त चवताळलेला असतो, त्याच दिवशी तो तळापर्यंत उघडाही पडतो. बस्स. दरवाजा अमावास्येच्या पूर्ण ओहोटीला उघडतो. पुढची भरती पुरी व्हायला साधारण सहा तास. घड्याळ आपोआप मिळालं, त्यासाठी एकही शब्द खर्चावा लागला नाही.

प्रवासाला मी तीनच वाक्यं दिली. ‘खडक संपले. रेती संपली. त्यापुढं बापाच्या पावलांचे ठसे होते, अजून ओले.’ इथं एखादी झुंज असावी असं संपादकांचं म्हणणं होतं. पण माझ्या मते एवढ्याशा कथेत साहस तलवारीत मावत नाही. ते माणूस काय कबूल करतो त्यात असतं. झुंज लिहिली असती तर हार-जीत आली असती, आणि समुद्र हरलेला मला नको होता.

म्हणून सौदा. समुद्र म्हणतो, ‘मला बाहेर काढताय, मग आत यायला एक दिवस तरी ठेवा.’ पोर हो म्हणते. बाप परत येतो, बांध टिकतो. शेवटचं वाक्य असं: ‘घरी येऊन तिनं पिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.’ हे वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. तिनं काय मोल दिलं, हे सांगायला परिच्छेद लागला असता. डब्यानं ते एका ओळीत सांगितलं.

परळला बैठ्या चाळीत, पावसात पाणी शिरतं अशा घरात राहणाऱ्या एका काकूंना कथा वाचून दाखवली. त्या लगेच म्हणाल्या, ‘आमच्याकडं जूनपासून डबे वरच असतात गं.’ त्यांना काही समजवावं लागलं नाही. नागपूरच्या मैत्रिणीला मात्र डबा कळेना. ‘फळीवर का? उंदरांमुळे?’ तिचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. ओळखीच्या जागेवर कथा उभी केली की शब्द वाचतात, पण ती जागा न पाहिलेला वाचक उंबऱ्याबाहेर राहतो. त्याच्यासाठी तळटीप देणं मला पटत नाही. मी समुद्राच्या बोलण्यात एक शब्द घातला: ‘आत यायला पावसातला एक दिवस तरी ठेवा.’ मैत्रिणीनं पुन्हा वाचलं आणि या वेळी थेट डब्यावरच बोलली.

तो शब्द घातल्यावर बेरीज ३०१ झाली. मग ठशांजवळचा ‘अजून’ काढला. ठसे ओले आहेत, एवढं पुरतं.