बिघडलेली फाइल दुरुस्त करण्याआधी

तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत पिग्मी ठेवींची (रोज थोडी थोडी रक्कम भरण्याच्या ठेवींची) फाइल दर तीन-चार आठवड्यांनी बिघडत असे. कधी रोजकीर्द छापताना टेबल खराब झाल्याची सूचना येई, तर कधी कोणतीही सूचना न येता तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या बाकींचा ताळा, जुळत नसे. हिशेबाची प्रणाली व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली होती. या भाषेची शेवटची, म्हणजे 9.0 ही आवृत्ती 2004 मध्ये आली आणि तिचा अधिकृत पाठिंबा जानेवारी 2015 मध्ये संपला. तरीही लहान संस्थांमध्ये तिच्यावर उभी असलेली कामे आजही चालू आहेत. डेटा लिनक्स सर्व्हरवर होता आणि पाच विंडोज संगणक सांबा या फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रॅममार्फत तो वापरत होते.

माझ्याकडे काम आले तोवर सर्व्हरची रॅम तपासून झाली होती आणि हार्ड डिस्क बदलून झाली होती. मला सर्वांत जास्त खटकले ते असे, की फाइल बिघडली की जो कोणी जागेवर असेल तो लगेच दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवी आणि इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधण्याची सूची, नव्याने बांधी. काम अडून राहू नये म्हणून हे केले जाई आणि त्यात कोणाचीच चूक नव्हती. पण बिघाड कसा झाला हे सांगणारे एकमेव साधन त्यात दर वेळी पुसले जात होते. म्हणून मी एकच विनंती केली: पुढच्या वेळी दुरुस्तीपूर्वी फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि वेळ लिहून ठेवावी. कॅशिअर मॅडमनी सांगितले, “वेळा तर माझ्याकडे आहेत, सर. मी डायरीत लिहिते.” मागच्या सात बिघाडांच्या वेळा त्यांच्या डायरीत होत्या.

पहिली प्रत एकोणीस दिवसांनी हाती आली. फॉक्सप्रो नोंदी ज्या डीबीएफ फाइलमध्ये ठेवते तिची रचना साधी असते. सुरुवातीच्या शीर्षभागात एकूण नोंदींची संख्या, शीर्षभागाची लांबी आणि एका नोंदीची लांबी लिहिलेली असते, त्यामुळे फाइल किती बाइटची असायला हवी याचा हिशेब कागदावरही करता येतो. येथे शीर्षभाग 744 बाइटचा आणि नोंद 118 बाइटची होती. शीर्षभाग 48,216 नोंदी सांगत होता, म्हणजे शेवटच्या खुणेचा एक बाइट धरून फाइल 56,90,233 बाइटची असायला हवी होती. प्रत्यक्षात ती 56,89,171 बाइटची होती. बरोबर नऊ नोंदी कमी होत्या. संख्या वाढल्याचे सर्व्हरपर्यंत पोहोचले होते, पण त्या नोंदी स्वतः पोहोचल्या नव्हत्या.

दुसऱ्या प्रतीने अधिक सांगितले. तिची लांबी योग्य होती, परंतु शेवटाकडे 4096 बाइटचा एक पट्टा संपूर्ण शून्यांचा होता आणि त्याची सुरुवात 4096 च्या नेमक्या पटीत होती. फॉक्सप्रो 118 बाइटच्या नोंदी लिहिते. तिच्या हातून असा तुकडा सुटला असता तर तो नोंदीच्या सीमेवर सुरू झाला असता. येथे तर एक नोंद मधोमध कापली गेली होती. 4096 बाइट हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्मृतीतील एका पानाचे माप आहे. म्हणजेच हे लिखाण प्रोग्रॅममधून बाहेर पडले होते आणि एखाद्या संगणकाच्या कॅशेमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून, सर्व्हरकडे जाताना हरवले होते.

फॉक्सप्रोसारख्या व्यवस्थेत आपण एक डेटाबेस वापरत आहोत हे सर्व्हरला ठाऊकच नसते. तो फक्त फाइल देतो आणि फाइलमधील प्रत्येक बदल वापरणारे संगणक स्वतः करतात. एखादी फाइल एकाच संगणकाने उघडलेली असेल, तर सर्व्हर त्याला ऑपलॉक देतो, म्हणजे बदल काही काळ स्वतःजवळच साठवण्याची मुभा देतो. दुसऱ्या संगणकाने तीच फाइल उघडली की सर्व्हर पहिल्याला साठवलेले सर्व लिखाण पाठवून देण्यास सांगतो आणि साधारण अर्धा मिनिट वाट पाहतो. त्या वेळेत उत्तर आले नाही, तर तो दुसऱ्याला फाइल उघडू देतो आणि पहिल्याजवळचे लिखाण कायमचे जाऊ शकते.

डायरीतील सातही वेळा सकाळच्या होत्या, शाखा उघडल्यापासून पहिल्या पाऊण तासातील. त्या वेळी पिग्मी एजंट आदल्या दिवशीच्या वसुलीची यंत्रे रोख काउंटरच्या संगणकाला जोडतात आणि शेकडो नोंदी एकदम भरल्या जातात. बाकीचे संगणक तेव्हा सुरू व्हायचे असतात, म्हणून ऑपलॉक त्या एकाच संगणकाकडे असतो. मी त्या संगणकावरून सर्व्हरला सतत पिंग, म्हणजे तो उत्तर देतो का हे पाहणारी चाचणी, चालू ठेवले. रोकड ठेवण्याचा ड्रॉवर जोरात बंद झाला की काही सेकंद, कधी त्याहून अधिक काळ, उत्तर येत नसे. मागे केबलच्या प्लगची चाप तुटलेली होती आणि प्लग खाचेत नुसता टेकून राहिला होता. सांबाच्या लॉगमध्ये ऑपलॉक सोडवता न आल्याच्या नोंदी होत्या आणि त्या डायरीतील शेवटच्या दोन तारखांशी जुळत होत्या.

केबल त्याच दिवशी बदलली. पण केवळ तेवढ्यावर थांबणे मला पटले नाही, कारण पुढची केबल कधी सैल होईल हे कोणी सांगू शकत नाही. सांबामध्ये ‘व्हेटो ऑपलॉक फाइल्स’ ही सूचना वापरून डीबीएफ, सीडीएक्स (इंडेक्स) आणि एफपीटी (लांब मजकूर) या तिन्ही प्रकारच्या फाइलींसाठी ऑपलॉक बंद केला. अहवाल थोडे सावकाश निघू लागले. ती किंमत मला योग्य वाटते. रात्रीचा बॅकअपही बदलला. पूर्वी नवी प्रत जुन्या प्रतीवरच लिहिली जाई, त्यामुळे सकाळची बिघडलेली फाइल त्याच रात्री चांगल्या फाइलची जागा घेई. आता तीस दिवसांच्या प्रती वेगळ्या राहतात आणि प्रत घेण्याआधी शीर्षभागातील संख्या व फाइलची लांबी यांचा मेळ तपासला जातो.

हरवलेल्या नोंदी शोधण्यात आणखी चार दिवस गेले. पहिल्या वेळच्या नऊ आणि दुसऱ्या वेळच्या पस्तीस नोंदी आम्ही एजंटांच्या यंत्रांतून निघालेल्या पावत्यांवरून एकेक करून भरल्या. त्यांतील बहुतेक रकमा वीस, तीस, पन्नास रुपयांच्या होत्या आणि त्या रोज बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्यांच्या, चहावाल्यांच्या होत्या. एका पावतीवरची शाई उडाली होती. त्या ठेवीदार बाईंच्या पासबुकावरून चाळीस रुपयांची ती नोंद मिळाली आणि त्या संध्याकाळी तेरीज जुळली.