आयसी जळलाच नव्हता राजेहो!

मी काही इंजिनियर नाही, कापूस-तूर करणारा माणूस, फक्त सोल्डरिंगचा नाद शाळेपासूनचा. गाव आर्वी तालुक्यात. पोळ्याच्या आधी घरच्या पोट्ट्यांनी मागं लागून साउंड बनवायला लावला. जुन्या टेपचे दोन स्पीकर डबे, एलए 4440 चा बोर्ड (एलए 4440 म्हणजे आवाजाचा सिग्नल मोठा करणारी चिप, तोच आयसी), त्याला वीज द्यायला 12 व्होल्टचा एसएमपीएस अन् गाणे मोबाइलवरून. डबे, वायरिंग एका दुपारी झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पण आवाज फाटून राहिला होता. व्हॉल्यूमचं बटन जरासं हलवलं की खरखर, अन् पुरं फिरवलं तर पत्र्यावर ज्वारी टाकल्यासारखं. तालुक्याच्या दुकानात बोर्ड घेऊन गेलो, त्यानं टेबलावर ठेवला, लावूनही पाहिला नाही, "भाऊ, आयसी उडाला." बदलला. घरी आलो, तेच. पुन्हा गेलो तर "डुप्लिकेट आला असंन, हा ओरिजनल घ्या." तेच. तिसऱ्यांदा म्हणे एसएमपीएस कमी पडते, म्हणून तोही 5 अँपियरचा घेतला अन् सोबत आयसी पण. एसटीचं भाडं वेगळं, सोयाबीनच्या फवारणीचे दिवस वाया गेले ते वेगळे. आयसी मीच घरी काढत होतो, 14 पाय आहेत त्याला, तिसऱ्या वेळी पट्टीवरचा तांब्याचा ट्रॅकच उचलला गेला, तिथं वायरचा तुकडा लावून भागवलं. अन् मी पण किती भैताड, इनपुटच्या तारेला बोट लावलं की स्पीकरमधून जोरात भूंऽऽ येत होतं, म्हणजे आयसी जिवंतच होता! आणखी एक खूण समोर होती, मोबाइलचा आवाज दोन काड्यांवर ठेवला की गाणं स्वच्छ वाजायचं. मला वाटलं नशीब. लाइनवर ढकललं, म्हटलं मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडते, त्यानं होत असंन.

मग भाचा आला, आयटीआयला आहे. तो म्हणे, "मामा, सिग्नल किती देऊन राहिले ते मोजलं काय?" मोजणार कशानं, माझ्या पिवळ्या मीटरची सगळ्यात खालची एसी रेंजच 200 व्होल्टची. त्याच्याजवळ मिलिव्होल्टवाला होता. मोबाइलवर 100 हर्ट्झचा टोन लावला, आवाज फुल, पिनवर 0.46 व्होल्ट. आता हिशेब पाहा. एलए 4440 हा गाडीच्या टेपच्या जमान्यातला आयसी, त्याचा गेन साधारण 51.5 डीबी, म्हणजे आलेला सिग्नल 375 पट. 0.46 ला 375 नं गुणलं तर 172 व्होल्ट! अन् 12 व्होल्टवर तो बिचारा देऊन देऊन चारच्या आतच देणार. उरलेलं सगळं कापलं जाते, तेच फाटणं. त्याला पोट भरायला 10 मिलिव्होल्ट पुरे होते अन् मी हंडाभर ओतत होतो.

इलाज काय, दोन रेझिस्टर. मोबाइलच्या तारेत 47के, म्हणजे 47 हजार ओहमचा (पट्टे पिवळा-जांभळा-केशरी), अन् त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला 1के (तपकिरी-काळा-लाल). सिग्नल 48 वा हिस्सा होतो, साडेनऊ मिलिव्होल्ट. लेफ्टला एक जोडी, राइटला एक. लावलं, बटन पुरं फिरवलं अन् ढोलकी एकदम मोकळी वाजली. खरं सांगतो, आनंद झाला त्याच्या दुप्पट राग आला.

हे आता आठवलं, रेझिस्टर बोर्डाजवळच लावा, मोबाइलकडच्या टोकाला नाही, नाहीतर लहान झालेला सिग्नल लांब तारेतून येताना घरभराची भूं गोळा करून आणते. तार शील्डवाली, म्हणजे आतल्या तारेभोवती जाळी असलेली घ्या. अन् एकच डबा वाजवायचा असंन तर लेफ्ट-राइट डायरेक्ट पिळू नका, दोन्हीत वेगवेगळा 100के टाकून मग एकत्र करा, खाली तोच 1के.

याच्या उलट भानगड भजन मंडळात झाली. त्यांनी नवा टीपीए 3116 वाला बोर्ड आणला, खंजिरीसमोरचा माइक सरळ त्यात खुपसला अन् म्हणे आवाजच नाही. कसा येईल, माइक देते दोन-चार मिलिव्होल्ट, अन् तो बोर्ड 26 डीबीवर असला तर फक्त 20 पट करते. त्याला मोबाइल सरळ चालते, माइकला आधी प्रीअँप, म्हणजे बारीक सिग्नल आधीच वाढवणारा बोर्ड पाहिजे. आणखी एक, त्या बोर्डात स्पीकरची मायनस तार ग्राउंडला चुकूनही लावू नका, दोन्ही तारांवर आउटपुट असते.

काढलेले तिन्ही "जळके" आयसी मी डबीत ठेवले होते. एकाचा पाय माझ्याच हातानं तुटला. बाकीचे दोन परवा दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिले, दोन्ही वाजले.