स्ट्रिंग जोडणारी लायब्ररी स्वतः लिहायला घेतली, तेव्हाचा माझा अनुभव

आमचा रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम सी भाषेतला. जुन्या कोडमध्ये जिथे तिथे स्ट्रकॅट, म्हणजे एका स्ट्रिंगला (मजकुराच्या तुकड्याला) दुसरी जोडणारं फंक्शन. ते दर वेळी शेवट शोधायला स्ट्रिंग पहिल्यापासून चाळतं, म्हणून मजकूर दुप्पट झाला की वेळ साधारण चौपट. रेडिस या डेटाबेसमधून वेगळी काढलेली एसडीएस ही स्ट्रिंगची स्वतंत्र लायब्ररी तयार होती, पण बाहेरचा कोड घ्यायचा तर परवान्याची मंजुरी लागते. तिची वाट कोण बघणार? दीडशे ओळींचं काम, लिहून टाकू म्हटलं.

मजकूर मावेना झाला की मेमरीतली जागा दुप्पट करत नेणं वगैरे दुपारपर्यंत झालं. गाडी रुतली ती फॉरमॅटवर, म्हणजे साच्यात आकडे-नावं भरून मजकूर बनवण्यावर. व्हीएसएनप्रिंटफ हे त्यासाठीचं फंक्शन एकदा चालवायचं, किती जागा लागेल ते कळतं, जागा वाढवायची आणि तेच पुन्हा चालवायचं. माझ्या 32 बिटच्या मशीनवर सगळं सुरळीत. 64 बिटच्या सर्व्हरवर मात्र ‘नोंद क्र. 41’ऐवजी भलताच दहा आकडी क्रमांक, आणि नाव छापायला गेलं की क्रॅश. तेही फक्त लांब ओळींवर! सुरुवातीची जागा 64 बाइटवरून 4096 केली, त्रास थांबला, मी निर्धास्त घरी गेलो. दुसऱ्या दिवशी एक लांबलचक शेरा आला आणि पुन्हा तेच. दोन दिवस जागा वाढवणाऱ्या रीअ‍ॅलॉकवर संशय धरून प्रत्येक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तपासला. हाती काही नाही.

चौथ्या दिवशी वैतागून एसडीएसचा कोड उघडला. नेमक्या त्याच जागी व्हीए-कॉपी, म्हणजे व्हीए-लिस्टची प्रत काढणं! व्हीए-लिस्ट म्हणजे फंक्शनला दिलेल्या, संख्या आधी न ठरलेल्या मूल्यांची यादी; ती एकदा वापरली की संपते. 32 बिटच्या एक्स86 (इंटेल धर्तीच्या) प्रोसेसरवर ती साधा पॉइंटर असते, फंक्शनला तिची नक्कल मिळते, म्हणून माझं निभावलं. 64 बिटच्या एक्स86 लिनक्सवर ती अ‍ॅरे असते, त्यामुळे मूळ यादीच पुढे सरकते आणि दुसऱ्या फेरीत कचरा वाचला जातो. सी99ने, म्हणजे सी भाषेच्या 1999च्या प्रमाणाने, व्हीए-कॉपी यासाठीच दिली आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधल्या स्ट्रबफ या स्ट्रिंगच्या कोडमध्येही ती आहे. इतरांनी सोडवून उघड्यावर ठेवलेल्या गोष्टीपायी माझे चार दिवस गेले, याचा राग अजून जात नाही.

त्याच संध्याकाळी मंजुरीचा अर्ज टाकला. एसडीएसचा परवाना दोन कलमी बीएसडी, कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की झालं. दोन दिवसांत होकार आला. दोनच दिवस! अर्ज पहिल्या दिवशी टाका, मग हवं तर स्वतःचं लिहायला बसा. आणि परवाना आधी वाचा: स्ट्रबफ मला जास्त आवडलं होतं, पण ते जीपीएल आवृत्ती 2खाली, म्हणजे प्रोग्रॅम वाटला तर त्याचा कोडही खुला करायला लावणाऱ्या परवान्याखाली, आमच्या बंद प्रोग्रॅमला चालणारं नव्हतं.

माझी लायब्ररी काढून टाकली, तिच्या चाचण्या ठेवल्या. हो, एक राहिलंच: एसडीएसमध्ये जोडल्यावर परत आलेला पॉइंटर त्याच व्हेरिएबलमध्ये घ्या, कारण स्ट्रिंग जागा बदलू शकते. म्हणूनच स्ट्रिंगला तीच स्ट्रिंग जोडायची असेल तर आधी तिची प्रत काढा. ही चूक माझ्याच एका चाचणीने पकडली.