विजयदुर्गला पाण्याकडून जा

विजयदुर्ग मी आधी गाडीने पाहिला होता. तळेऱ्याला महामार्ग सोडायचा, पन्नासेक किलोमीटर कातळ आणि आमराया मागे टाकत जायचं, की गाव संपतं तिथे किल्ला. तेव्हा तटावर फिरले, फोटो काढले आणि परतले. या जानेवारीत मैत्रिणीच्या शिडाच्या बोटीतून मुंबईहून गोव्याला जाताना तिथे नांगर टाकला, तेव्हा लक्षात आलं की रस्ता या गावाच्या परसदारी येतो. दर्शनी दार खाडीकडे आहे.

रत्नागिरीहून पहाटे निघालो. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असतो, दुपारच्या आधी तो पडतो, शिडं लोंबकळत राहतात आणि मग वायव्येकडून समुद्रावरचा खारा वारा भरू लागतो. दक्षिणेला जाणाऱ्यासाठी तो मागून येतो, म्हणजे सुखच. पूर्णगड गेला, आंबोळगड गेला, जैतापूरच्या खाडीचं तोंड गेलं. पंचवीसेक सागरी मैलांचं अंतर, पण डोळ्यांना विश्रांती नाही. जाळ्यांवरचे छोटे झेंडे लाटांमध्ये दिसत नाहीत, म्हणून कुणीतरी सतत नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभं राहायचं.

समुद्रातून विजयदुर्ग पाहिला तर बंदर दिसतच नाही. काळा तट, बुरुजांमागे बुरूज आणि खाली फुटणारं पाणी, एवढंच. किल्ला उजव्या हाताला ठेवून वाघोटन खाडीत शिरलो, मग दक्षिणेला वळलो आणि किल्ल्याच्या आडोशाला येताच बोटीचं हलणं थांबलं. सकाळपासून हाताने धरून ठेवलेला चहाचा पेला मी पहिल्यांदा फळीवर ठेवला आणि तो तिथेच राहिला. समोर जेटी, मासेमारीच्या बोटी, कौलारू घरं, माड.

बाणकोट, दाभोळ अशा कितीतरी खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असतो. भरतीची वेळ साधल्याशिवाय आत जाता येत नाही. इथे तो पट्टा नाही. तोंड खोल, आत तिन्ही बाजूंनी आसरा आणि बाहेरून येणाऱ्याला आतली जहाजं दिसत नाहीत. शिवाजी महाराजांनी 1653 मध्ये आदिलशहाकडून हा किल्ला घेतला आणि पुढे आंग्र्यांनी तो आपल्या आरमाराचं मोठं ठाणं केला, याचं कारण पुस्तकातून कळतंच. पण आपल्या बोटीचा तळ खडकाला लागेल या धास्तीत तासन्‌तास घालवून इथे शिरलं, की ते अंगाला कळतं.

आम्ही नांगर टाकला त्याच पाण्यात फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. अ‍ॅडमिरल वॉटसनच्या हाताखाली इंग्रजांची जहाजं, जमिनीवरच्या फौजेवर क्लाइव्ह आणि त्यांच्या जोडीला पेशव्यांचं सैन्य. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला आणि आग शेजारच्या जहाजांवर पसरत गेली. तुळाजी पेशव्यांना डोईजड झाला होता हे मला मान्य आहे. तरीही परक्याच्या हातून आपलं सर्वात ताकदवान आरमार जाळून घेणं मला आजही सहन होत नाही, आणि त्या संध्याकाळी डेकवर बसल्यावर तर नाहीच.

जेटीवर एक म्हातारे नाखवा बसले होते. आमची डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, लागताच त्यांनी दोर घेतला. "खयसून इलात?" मुंबईहून शिडावर आलो म्हटल्यावर त्यांनी डोलकाठीकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या आजोबांची शिडाची होडी होती, त्यांनी स्वतः मात्र इंजिनावरच धंदा केला. मग म्हणाले, "ताई, नांगर थय नको. रातचे बोटी बाहेर पडतत, थयसूनच जातत." बोट हलवली. रात्री दोनला इंजिनं धडधडत आमच्या जुन्या जागेवरूनच गेली. जेवायला त्यांच्या सुनेने बोलावलं होतं: तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. तिरफळ दाताखाली आलं की जीभ बधिर होते. ते बाजूला काढायचं असतं हे तिच्या छोट्या मुलीने मला करून दाखवलं.

सकाळी भरतीला डिंगीने खाडीत वर गिर्ये गावाकडे गेलो, आंग्रेकालीन गोदी बघायला. खडक कोरून केलेली ही गोदी. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, ओहोटीने पाणी उतरलं की तळ उघडा पडतो, मग डागडुजी करायची. आता आत गाळ आहे, तिवरं आहेत. कातळाच्या कडेला हात लावला तर छिन्नीच्या खुणांसारख्या तिरप्या रेषा बोटांना लागल्या. किल्ला पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे इथवर येतात. निदान एक धड पाटी आणि पायवाट हवी. मला तर तटबंदीइतकीच ही गोदी मोलाची वाटते.

शिडाने जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी धरा, किनाऱ्यावर उतरल्यावर सागरी पोलिसांना बोटीची कागदपत्रं दाखवा आणि विजयदुर्गला दोन रात्री द्या. पुढे मालवणच्या तोंडाशी खडक आहेत, तिथे उजेडातच पोचायला हवं. म्हणून निघताना मतलईच धरा, पहाटेचा.