ऐच्छिक रकाना

खराडीच्या आमच्या ऑफिसात दुपारची शिफ्ट दीडला सुरू होते, तेव्हा इंग्लंडात हिवाळ्यात सकाळचे आठ वाजलेले असतात. मी एका ब्रिटिश मोटार विमा कंपनीचे कॉल घेते. पत्ता बदला, गाडी बदला, ड्रायव्हर वाढवा, अशी कामं. या नोकरीत मला सहा वर्षं झाली.

आपल्याकडे नवऱ्याच्या गाडीच्या विम्यात बायकोचं नाव घालायचा प्रश्नच येत नाही. विमा गाडीचा असतो. लायसन्स वैध असलेल्या कुणाच्याही हाती किल्ली दिली तरी पॉलिसी चालते. तिकडे तसं नाही. पॉलिसीवर ज्यांची नावं आहेत त्यांनीच ती गाडी चालवायची, आणि दर नावागणिक प्रीमियम बदलतो. विशीतला मुलगा जोडला की आकडा बघून बाप गप्प होतो. साठी-सत्तरीतली बायको जोडली, तिचं लायसन्स जुनं असलं आणि एकही क्लेम नसला, तर बहुतेक वेळा प्रीमियम कमीच होतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आलेल्या एका कॉलमध्येही तो कमी झाला होता. अकरा पौंडांनी.

लिंकनशायरमधल्या एका खेड्यातले आजोबा होते. "बायकोचं नाव घालायचंय," म्हणाले. मी नेहमीचे प्रश्न विचारले. जन्मतारीख, व्यवसाय, लायसन्स कुठल्या प्रकारचं, किती वर्षांपासूनचं. परीक्षा १९७६ साली पास. क्लेम नाही, दंड नाही. आकडा स्क्रीनवर आला, मी सांगितला, ते खूश झाले. मग मी विचारलं, "गाडी जास्त कोण चालवणार? अजूनही तुम्हीच ना?"

आजोबा थांबले. मागून आजींचा आवाज आला, "तिला डोळ्याचं सांग."

आजोबांच्या डोळ्यांतल्या पडद्याचा आजार वाढला होता. दर महिन्याला हॉस्पिटलात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं होतं. तिकडचा नियम साधा आहे, वीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे. त्यांना येत नव्हती. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती आणि त्यांनी स्वतःच स्वॉन्झीला, डीव्हीएलएच्या म्हणजे तिकडे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या कचेरीत, तसं कळवलंही होतं. या माणसाबद्दल मला तेव्हाच आदर वाटला. डोळ्यांचं लपवून गाडी चालवणारे आणि मग अपघाताच्या कॉलवर रडणारे मी खूप ऐकलेत. खेड्यातून हॉस्पिटलपर्यंत धड बस नाही, म्हणून आता आजींनी गाडी चालवायची, असं दोघांनी ठरवलं होतं.

त्यांच्या परवानगीने आजी फोनवर आल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "तुम्हाला सांगायला हवं. मी सव्वीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

आमच्या फॉर्ममध्ये या वाक्याला जागा नाही. लायसन्स किती वर्षांचं आहे हे विचारतात, शेवटची गाडी कधी चालवली हे विचारत नाहीत. तिकडे २०१२ साली ग्राहकांच्या बाजूने कायदा झाला. विचारलेल्या प्रश्नांची नीट काळजी घेऊन खरी उत्तरं द्या, न विचारलेलं आपणहून सांगायचं बंधन नाही. कायदा चांगलाच आहे. पूर्वी लोकांना माहीतही नसलेल्या गोष्टी दडवल्या म्हणून क्लेम नाकारले जायचे. पण त्याचा अर्थ असाही होतो की प्रश्न बरोबर विचारायची जबाबदारी आता कंपनीची आहे, आणि आमची कंपनी हा प्रश्न विचारत नाही. सव्वीस वर्षं गाडी न चालवलेली बाई आमच्या हिशेबात जवळजवळ पन्नास वर्षांची अनुभवी चालक ठरते. मी आजींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तर बरोबर नाही."

आता लायसन्स नंबर. हा रकाना ऐच्छिक आहे. रिकामा सोडला तरी पॉलिसी पुढे सरकते, आणि आमच्या फ्लोअरवर निम्मे लोक तो सोडतात. म्हाताऱ्या माणसांना कागद शोधायला पाच-पाच मिनिटं लागतात, आणि दर कॉलला सरासरी किती मिनिटं लागली याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. मी सोडत नाही. तो नंबर वाचायला मला मनापासून आवडतो. सोळा खुणा असतात. पहिली पाच अक्षरं आडनावाची. मग जन्मवर्षातला दशकाचा आकडा, मग महिना, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. बाई असेल तर महिन्याच्या पहिल्या आकड्यात पाच मिळवतात, म्हणजे जुलै असेल तर ०७ च्या जागी ५७. नवीन मुलांना मी हे शिकवते, तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. मग त्यांना भिंतीवरचा तक्ता दिसतो.

आजी वाचू लागल्या. प्लास्टिकचं कार्ड नव्हतं, घडी घातलेला जुना कागद होता. तिकडे असे जुने कागद अजून चालतात. पहिली पाच अक्षरं ऐकून मी हात थांबवला. ते आडनाव आजोबांचं नव्हतं.

माहेरचं होतं. म्हणजे लग्नानंतर लायसन्सवरचं नाव बदललेलं नाही. नाव नाही तर पत्ताही बहुधा नाही. आणि तिकडे लायसन्स सत्तरीपर्यंतच असतं, पुढे दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं. त्याची आठवण देणारं पत्र सत्तरीच्या आधी नव्वद दिवस डीव्हीएलए पाठवते, त्यांच्याकडे असलेल्या पत्त्यावर. मी जन्मतारीख पुन्हा पाहिली. सत्तरी उलटून सात महिने झाले होते.

"त्या कागदावर शेवटची तारीख काय आहे, वाचता का?"

त्यांनी वाचली. मग आजोबांना चष्मा मागितला आणि पुन्हा वाचली. पत्र त्यांच्या आईवडिलांच्या घरी गेलं असणार. ते घर विकून तीस वर्षं झाली होती.

आजी म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी इंजेक्शन आहे."

मी नाव घालू शकत नव्हते. आणि पॉलिसी रद्दही करून चालणार नव्हतं, कारण तिकडे गाडी नुसती दारात उभी असली तरी विमा हवा, नाहीतर ती रस्त्यावरून काढल्याचं रीतसर कळवावं लागतं. २०११ पासून तसा नियम आहे. सिस्टिममध्ये 'चालवणारं कुणीच नाही' असा पर्याय नाही. अंडररायटरकडे, म्हणजे विमा कुणाला कसा द्यायचा ते ठरवणाऱ्याकडे, कॉल नेला, अकरा मिनिटं होल्डवर राहिले. शेवटी त्याने सांगितलं, पॉलिसी आजोबांच्या नावाने राहू दे, शेरा लिही, लायसन्स हातात आलं की मुख्य चालक म्हणून आजींना घेऊ.

मग मी आजींना एकेक सांगत गेले. पोस्टातून लायसन्सच्या अर्जाचा डी-वन फॉर्म आणा. लग्नाचा दाखला जोडा. फोटो लागेल. सत्तरीनंतरच्या नूतनीकरणाला पैसे पडत नाहीत. पुन्हा परीक्षा द्यावी लागणार नाही. त्या लिहून घेत होत्या, मधेमधे "थांबा, थांबा" म्हणत होत्या. मंगळवारसाठी हॉस्पिटलच्या वाहतूक सेवेला विचारा म्हटलं. आणि एक गोष्ट जी स्क्रिप्टमध्ये नाही, ती बोलले. लायसन्स आल्यावर एखाद्या शिकवणाऱ्यासोबत, त्याच्याच गाडीत, चार-पाच तास घ्या. आधी ओळखीचा हॉस्पिटलचा रस्ता, दिवसाउजेडी.

कॉल एकेचाळीस मिनिटांचा झाला. ऑडिटमध्ये माझे गुण कापले, 'पॉलिसीबाहेरचा सल्ला' या शेऱ्याखाली. टीम लीड वाईट माणूस नाही. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की मदत केलीस ते ठीक, पण शिकवणीचं कशाला बोललीस, उद्या तिला अपघात झाला तर? मी त्याला विचारलं, लायसन्स नंबरचा रकाना सोडून दिला असता तर ऑडिटमध्ये काय आलं असतं? तो म्हणाला, काही नाही, ऐच्छिक आहे ना. तो रकाना सक्तीचा करा अशी मेल मी त्याच रात्री कॅबमधून पाठवली. दोनदा आठवण दिली. उत्तर आलेलं नाही.

आजींचं लायसन्स आलं का, मला माहीत नाही. कामाशिवाय ग्राहकाची फाइल उघडली तर नोकरी जाते, आणि तो नियम योग्यच आहे. परत फोन केला असेल तर दुसऱ्या कुणीतरी घेतला असेल. त्याने माझा शेरा वाचला असेल का, हे मनात येतं.

फोन ठेवण्याआधी आजींनी विचारलं होतं, "तोवर दारात उभ्या गाडीत नुसतं बसलेलं चालेल का? इंजिन बंद ठेवून?" मी म्हटलं, बसा की. आरसे लावून बघा, क्लच दाबून बघा. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग आजोबांना म्हणाल्या, सीट पुढे कशी घ्यायची ते मला दाखवायला लागेल, ती इतकी वर्षं तुझ्याच पायांच्या मापाला आहे.