आमची वाटचाल: शिरोलीच्या टूलरूममधून ओहायोत

आमचं वर्कशॉप ओहायोत आहे, लेक इरीपासून गाडीने तासाभरावर. आम्ही बंदुका बनवत नाही आणि गोळ्याही विकत नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी "तुमचं काय काम असतं?" विचारलं आणि मी नीट सांगायला लागलो की समोरच्याच्या हातातला मोदक तसाच राहतो. इकडे जे लोक आपली काडतुसं स्वतः भरतात, ज्याला हँडलोडिंग म्हणतात, त्यांच्यासाठी आम्ही साइझिंग डायच्या (उडालेली केस दाबून परत मापात आणणारा साचा) बुशिंग्ज, म्हणजे त्या साच्यात बसणाऱ्या रिंगा, बनवतो, रनआउट, म्हणजे काडतूस फिरवताना किती वाकडं चालतं ते, मोजायचे गेज बनवतो, आणि आता निम्मा धंदा म्हणजे वापरलेल्या ब्रास केसेस, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, अॅनील करून (तापवून मऊ करून) ट्रिम करून परत पाठवणं.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये शिकलो, ग्राइंडिंगचं वेड तिथूनच लागलं. इकडे आलो तो एच-वन-बी वर, आणि त्या व्हिसावर असताना बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला इथला फेडरल कायदा मनाईच करतो, शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत या विषयाशी माझा संबंध शून्य. नंतर नोकरी सोडून जॉबशॉप काढलं, एक जुनी लेथ, एक सरफेस ग्राइंडर, मिळेल ते काम. आईला फोनवर पुढचं सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, कोल्हापुरात पंपाचे पार्ट करत होतास ते काय वाईट होतं?"

धंदा या वळणावर आला तो एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकामुळे. शेतकरी माणूस, ट्रॅक्टरची शाफ्ट घेऊन यायचा, आणि हजार यार्डांवर एफ-क्लास, म्हणजे रायफल टेकूवर ठेवून करायची लांब पल्ल्याची नेमबाजी, खेळायचा. एकदा त्याने खिशातून काडतूस काढलं, माझ्या व्ही-ब्लॉकवर ठेवलं, बुलेटच्या टोकाजवळ डायल इंडिकेटर लावला आणि बोटाने हळूहळू फिरवलं. काटा सहा थाउ इकडेतिकडे झाला. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "हे वाकडं कुठे होतंय ते शोधून दे," एवढंच म्हणाला. शोधलं तर त्याच्या डायमधला एक्स्पांडर बॉल (नेक, म्हणजे केसची मान, आतून रुंद करणारा गोळा) केसची नेक खेचताना तिरकी करत होता. बॉल काढला, त्या जागी बुशिंग ग्राइंड करून दिली, काटा दीड-दोन थाउवर आला. मग त्याचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र.

आता हजार यार्ड म्हणजे काय भानगड आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय आमचं काम म्हणजे निव्वळ खूळ वाटेल. एफ-क्लासच्या त्या अंतरावरच्या टार्गेटवर दहा नंबरची रिंग दहा इंचांची, आत एक्स रिंग पाच इंचांची, आणि अंतर 914 मीटर. 308 नावाच्या रायफल काडतुसात नेहमीच्या वजनाची बुलेट घेतली तर वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला की गोळी तिथे तीन-चार इंच वरखाली जाते. म्हणजे पाच काडतुसांच्या वेगात तीस फुटांची तफावत असेल तर वारा शून्य, नेम पक्का, श्वास रोखलेला, तरीही दहाची रिंग उभी उभी संपली. शंभर यार्डांवर हीच काडतुसं एकाच भोकात जातात आणि माणूस खूश असतो. हजारावर गेला की मग आम्हाला फोन येतो.

वेग एकसारखा यायला पावडर अचूक तोलणं हे पहिलं. ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम, आणि स्वस्तातला डिजिटल काटा एक दशांश ग्रेन इकडेतिकडे दाखवतो, 308 मध्ये तेवढ्याने वेग पाच-सहा फूट हलतो. चांगल्या काट्यावर पावडरचा एकेक दाणा टाकून तोलता येतं, एक दाणा साधारण दोन शतांश ग्रेनचा. दुसरं म्हणजे नेक टेन्शन, केसची मान बुलेटला किती घट्ट धरते ते. भरलेल्या राउंडची नेक बाहेरून .336 इंच मोजली तर .334 ची बुशिंग घ्यायची, म्हणजे दोन थाउ पकड. आणि तिसरं सीटिंग डेप्थ, बुलेट रायफलिंगपासून, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांपासून, किती लांब उभी आहे. हे बुलेटच्या टोकापासून मोजायचं नाही, टोकं एकाच डब्यातली पण लहानमोठी असतात, ओजाइव्हपासून, म्हणजे बुलेटच्या निमुळत्या बाकापासून, कंपॅरेटर नावाचं माप लावून मोजायचं. शोल्डर, म्हणजे नेकखालचा उतार, डायमध्ये मागे ढकलायचा तो एक-दोन थाउ, बस. जास्त ढकलला तर केस चार-पाच वेळा भरल्यावर हेडच्या, म्हणजे बुडाच्या, वर तुटायला लागते.

पण माझं ठाम मत सांगू का? निम्म्या लोकांना आमची बुशिंग लागतच नाही. फोन येतो, "माझा ग्रुप उघडतोय, कुठली बुशिंग घेऊ?" ग्रुप म्हणजे टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका, तो पसरतोय. मी विचारतो किती गोळ्यांचा ग्रुप, उत्तर येतं तीन. तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून काहीही सिद्ध करता येतं, आज अर्धा इंच, उद्या त्याच लोडचा सव्वा इंच, आणि मधल्या काळात माणसाने तीन गोष्टी बदललेल्या असतात आणि त्याला वाटतं शेवटची बदलली तिच्यामुळे झालं. आम्ही म्हणतो आधी एकच लोड घे, काही न बदलता वीस गोळ्या मार, क्रोनोग्राफचे (वेग मोजायचं यंत्र) आकडे पाठव, टार्गेटचा फोटो पाठव. वेग एकसारखा आणि गोळ्या आडव्या पसरलेल्या असतील तर तो वारा आहे किंवा तुझी पकड आहे, त्यावर माझ्याकडे माल नाही. स्कोपचे स्क्रू ढिले असलेले तर इतके निघालेत की विचारू नका. बायको सगळे ऑर्डर आणि हिशेब बघते, ती चिडते, "आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला दुकान काढलंय का?" पण तेच लोक दोन महिन्यांनी आकडे घेऊन येतात आणि मग कायमचे टिकतात, हे तिलाही माहीत आहे.

अॅनीलिंगची सर्व्हिस नंतर सुरू झाली आणि माझा जीव खरा तिथे रमतो. काडतुसाचं ब्रास म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. दर वेळी गोळी उडाली की नेक फुगते, डायमध्ये दाबली की आकसते, असं होत होत ती कडक होत जाते आणि परत उसळी मारायला लागते, एक केस जास्त, एक कमी. मग बुशिंग कितीही अचूक असो, पकड वेगवेगळीच येणार. इंडक्शन कॉइलमध्ये नेक काही सेकंद तापवली की धातू परत मऊ होतो. पण तापमान वर नेकपुरतंच राहिलं पाहिजे, खालचं हेड मऊ झालं तर खेळ खल्लास, 308 ची कमाल दाबाची मर्यादा 62,000 पीएसआय आहे आणि तो दाब झेलणारं हेड शूटरच्या गालापासून वीतभर अंतरावर असतं. म्हणून प्रत्येक नव्या लॉटमधली एक केस उभी कापून, पॉलिश करून, नेकपासून हेडपर्यंत मायक्रो-व्हिकर्स यंत्रावर कडकपणा बघतो, मगच बाकीच्या मशीनवर चढतात. गिऱ्हाइकाची एक केस कमी परत जाते, ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडायच्या, गोळी न मारता. तबेल्यात ठेवलेला साठा, दमट हवा, घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि केस बनवताना धातूत राहिलेला ताण. 1921 मध्ये संशोधकांनी याचा नीट उलगडा केला, आणि त्यावरचा उपाय म्हणजे अॅनील करून ताण काढून टाकणं. आजही अमेरिकन लष्कराच्या ब्रासवर नेकजवळ तो निळसर-तपकिरी डाग दिसतो, पॉलिश करून काढत नाहीत. आमच्याकडून गेलेल्या केसेसवरही डाग असतो आणि नवीन लोक तक्रार करतात की माल घाण आला.

अॅनील केलेल्या केसेसवरून पुढचं पाऊल म्हणजे भरलेली काडतुसं विकणं, गिऱ्हाइकं मागेच लागली होती. त्यासाठी टाइप सिक्स फेडरल लायसन्स लागतं, विमा वेगळा, पावडर साठवायचे नियम वेगळे. आम्ही नाही म्हटलं. फोनवर पावडरचे आकडेही सांगत नाही, कंपनीचं मॅन्युअल उघड, खालच्या आकड्यापासून सुरुवात कर, तुझी रायफल वेगळी आहे.

2020-21 मध्ये प्रायमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीचा, असा दुष्काळ पडला की लोकांनी नेम सोडा, सरावच बंद केला. आमचं बुशिंगचं मशीन झाकून ठेवलं होतं, परत पंपाच्या शाफ्ट केल्या, आई खूश. मग माल यायला लागला, लोकांकडे साठलेलं ब्रास बाहेर निघालं आणि अॅनीलिंगवालं काम उलट आधीपेक्षा वाढलं.

कोल्हापूरचे मित्र विचारतात हे आपल्या पोरांना उपयोगी आहे का. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली, स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, दोघांचा खेळ पन्नास मीटरचा आणि काडतूस पॉइंट टू टूचं. ते रिमफायर, म्हणजे ठिणगीचं रसायन केसच्या बुडाच्या कडेतच असतं, घरी परत भरता येत नाही, तिथे वेगवेगळे लॉट आपल्याच बॅरलमधून मारून बघायचे आणि जो जमेल त्याचा साठा करायचा. विचार तोच, पण आमच्या बुशिंगचं तिथे काम नाही, आणि एक्स्पोर्टच्या फंदात आम्ही पडतही नाही.

इथल्याच कँप पेरीच्या नॅशनल मॅचेस, म्हणजे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा, उन्हाळ्यात असतात, त्याआधी दोन महिने इथे उभं राहायला जागा नसते, तेव्हा ब्रास मेच्या आत पाठवा. लॉट मिसळू नका, किती वेळा भरलंय ते चिठ्ठीवर लिहा, आणि न उडालेला प्रायमर केसमध्ये राहिलाय का ते एकदा बघून घ्या, तसा डबा आम्ही उघडतसुद्धा नाही.