मुलीचं ॲडमिशन का?

हॉस्पिटलची नाईट ड्युटी संपवून सात रस्ता चौकात झेरॉक्सला थांबले. रजिस्ट्रेशन, मार्कशीट, अनुभवाचा दाखला. दुकानातले काका कागद लावता लावता म्हणाले, "मुलीचं ॲडमिशन का हो ताई?"

"नाही काका, माझंच."

ते गप्प झाले. मीही.

कोर्सचं नाव नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे अतिदक्षता विभागातल्या नर्सिंगचा. एम.एस्सी., दोन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमध्ये काम करत शिकायचं. बी.एस्सी. नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. माझी आयसीयूत ११ वर्षं झाली. दाखल्यावर मात्र एकच ओळ: 'स्टाफ नर्स म्हणून काम समाधानकारक.'

काल रात्री तीन वाजता ६ नंबर बेडच्या पेशंटचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ८४ वर आलं. मॉनिटरकडे बघायच्या आधीच छातीतली घरघर मला ऐकू आली होती. सक्शन केलं, मोठा कफाचा गोळा निघाला, पाच मिनिटांत ९५. डॉक्टरांना फोन केला तेव्हा पेशंट शांत झोपला होता. हे 'समाधानकारक'मध्ये कुठं बसतं?

घरी सासूबाईंनी चहा ठेवला. "दोन वर्षं पगार नसंल तर हप्त्याचं कसं करायचं गं?" रागानं नाही, काळजीनं विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. स्टायपेंड मिळेल का, किती, हे कॉलेजला विचारायचंय. रजा मागितली तर "आधी राजीनामा द्या" असं ऐकलंय.

तरी फॉर्म भरला. फोटोत डोळे सुजलेत, राहू दे.

नोकरी करत पुढं शिकलेल्या सिस्टर इथं कुणी आहेत का? घर कसं सांभाळलंत?